काटा सहावर

मोठ्या इंजिनाला पेट्रोलही मोठ्या जोरानं लागत असणार, ही समजूत मनातून सहजी जात नाही. ३५० घन इंचांचं, म्हणजे आपल्या हिशेबानं ५.७ लिटरचं, आठ सिलिंडरचं शेव्हरोले इंजिन. त्यावर हॉली कंपनीचा चार तोंडांचा कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. चालू केलं की शेजारपाजारच्या खिडक्या थरथरतात. आणि या धुडाला पेट्रोल किती दाबानं द्यायचं? सहा पौंड. फार तर साडेसहा. टायरमध्ये हवा भरताना आपण म्हणतो तेच हे पौंड. इटालियन वेबर कार्बोरेटर तर तिनातच तृप्त असतात.

माझं पोट फ्युएल इंजेक्शनवर, म्हणजे दाबानं पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेवर, चालतं. तिथे चाळीस-साठ पौंड ही सुरुवात, आणि थेट सिलिंडरात पेट्रोल मारणाऱ्या इंजिनांत आकडा दोन हजारांच्याही वर जातो. पण डेट्रॉइटच्या उपनगरात राहायचं म्हणजे जुन्या गाड्यांपासून सुटका नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, असते. १९९५ साली सुरू झालेली. तिच्या आधी महिनाभर आमच्या गल्लीत बोनेटं उघडी दिसतात. आमच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांच्या लेखी मी ‘पेट्रोलवाला’. त्यामुळे त्यांच्या गाडीचा रेग्युलेटर, म्हणजे पेट्रोलचा दाब आवरणारा भाग, जुळवण्याचा मान आपसूक माझ्याकडे येतो.

गंमत अशी, की कार्बोरेटरच्या गाडीत हा दाब इंजिनापर्यंत पोहोचतच नाही. पंप पेट्रोल आणून सोडतो बाउलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या टाकीत, आणि बाउल वरून हवेला उघडा. तिथे सहाचे शून्य होतात. पुढचं काम हवेचं. पिस्टन हवा ओढतात, ती व्हेंचुरीच्या चिंचोळ्या गळ्यातून वेगानं जाते, तिथला दाब उतरतो आणि बाउलमधलं पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून आपणहून वर येतं. पंपाची जबाबदारी एवढीच, की बाउलमधली पातळी ढळू द्यायची नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी भरलं की गोळा वर येऊन नळ बंद करतो. इथे फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा गोळा, वर येतो आणि निडल, म्हणजे वाट बंद करणारी सुई, बसवतो. खालून मोटारीनं फार जोर लावला तर गोळा हरतो आणि टाकी वाहू लागते. फरक इतकाच, की इथे वाहतं ते पेट्रोल, आणि त्याच्या खाली तापलेलं इंजिन. मग काळा धूर, काजळलेले प्लग, ऑइलला पेट्रोलचा वास. नॅस्कर या अमेरिकन मोटारशर्यतींच्या सर्वांत वरच्या मालिकेत २०११पर्यंत कार्बोरेटरच होते. आठशेच्या वर अश्वशक्तीची ती इंजिनंसुद्धा अशा उघड्या बाउलमधूनच पेट्रोल पीत होती.

जुना मेकॅनिकल पंप मला फार आवडतो. आपल्याकडे गॅरेजवाले त्याला एसी पंप म्हणायचे. प्रीमियर पद्मिनी गाडीच्या इंजिनाला चिकटलेला असे. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या कॅमशाफ्ट या दांड्यावरचा उंचवटा लिव्हर हलवतो, लिव्हर रबरी पडदा ओढतो, टाकीतलं पेट्रोल आत येतं. पण ते पुढे ढकलतो तो लिव्हर नव्हे, पडद्याची स्प्रिंग. बाउल भरून निडल बसली, की पेट्रोलला जायला वाट नाही. पडदा ओढलेलाच राहतो आणि लिव्हर नुसता हात हलवत बसतो. इंजिन कितीही रेस करा, स्प्रिंगच्या ताकदीबाहेर दाब जात नाही. एवढी समज त्या डब्यात कुणीतरी घालून ठेवली होती, आणि आपण तिच्याकडे फक्त पडदा फाटला की बघायचो.

शेजाऱ्यांच्या गाडीत मात्र मागे टाकीपाशी हॉलीचा निळा इलेक्ट्रिक पंप आहे. पुढची वाट बंद झाली की हा पठ्ठ्या चौदा पौंडांपर्यंत चढतो, म्हणून मध्ये रेग्युलेटर. इंजिन आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू, ठेवायचं, लॉकनट सैल करायचा, स्क्रू पाव फेरा फिरवायचा आणि थांबायचं. वाढवताना दाबाच्या गेजचा काटा लगेच ऐकतो. उतरवताना नाही. परतीची नळी नसलेला साधा रेग्युलेटर असेल, तर रेग्युलेटर आणि निडल यांच्यामध्ये कोंडलेलं पेट्रोल संपल्याशिवाय काटा हलत नाही. इंजिन बंद ठेवून नुसत्या पंपावर दाब जुळवणारे इथे अडकतात. स्क्रू मागे घेत राहतात, काटा ढिम्म. फ्लोटची पातळी यानंतर बघायची, कारण दाब बदलला की तीही बदलते. बाउलच्या बाजूचा पितळी स्क्रू काढला, की पेट्रोल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं दिसावं. गाडी जरा हलवली तर ठिबकावं, आपणहून वाहू नये.

एवढं झालं की मालक खूश. मला तिथेच शंका येते. आयडलवर काटा सहावर असतो, कारण पेट्रोलला फारसं कुठे जायचंच नसतं. चारशे अश्वशक्ती काढायची तर ताशी सव्वाशे लिटरच्या आसपास लागतं, म्हणजे मिनिटाला दोन लिटर. नळी बारीक असेल, फिल्टर चोंदलेला असेल, तर उभ्या गाडीत सहा दाखवणारा काटा अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की दोनावर येतो. ड्रॅगच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या झटपट शर्यतीच्या, गाडीत आणखी एक गुंता. टाकी मागे, कार्बोरेटर पुढे, मध्ये आठेक फुटांची भरलेली नळी. गाडी एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या, वेगवाढीनं सुटली, की नळीतलं पेट्रोलच मागे रेटतं आणि अडीच पौंड तिथल्या तिथे गिळतं. अंगणात पूजा केल्यासारखे काटे बघणाऱ्यांना हे पटवणं कठीण. म्हणून जाणते लोक गेज काचेबाहेर, बोनेटच्या मागच्या टोकाला, ड्रायव्हरला दिसेल असं लावतात. पेट्रोलची नळी गाडीच्या आत आणायची नाही, आणि काटा मात्र धावत्या गाडीत दिसला पाहिजे.

त्यात गेजवरही सरसकट विश्वास टाकायची सोय नाही. थरथर सोसावी म्हणून त्यात ग्लिसरीन भरलेलं असतं. वुडवर्डवर ऑगस्टच्या उन्हात गाड्या गोगलगाईच्या चालीनं सरकतात, बोनेटखाली भट्टी पेटते, गेजची बंद डबी तापते, आतला दाब वाढतो आणि काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागतो. सहाचे साडेचार दिसले की मालक रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन पाना काढतात आणि स्क्रू आवळतात. संध्याकाळी गेज निवतं, काटा साडेसातवर जातो, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारावर थाप पडते: ‘हॉली ओव्हरफ्लो होतोय रे!’ गेजच्या डोक्यावर असलेलं रबरी बूच नखानं जरासं उचलून परत बसवलं, की डबीतला दाब मोकळा होतो. ते नसेल, तर ग्लिसरीन नसलेलं साधं कोरडं गेज घ्यावं. थोडं थरथरेल, पण खरं बोलेल.