शेवटची कसारा लोकल आणि चार दिवसांची वाट: आमची वाटचाल

पाठीवर सॅक घेऊन सह्याद्रीत चार-चार दिवस चालायचं आणि त्या चालण्याची सुरुवात लोकलने करायची, एवढ्याच कामावर आमची छोटी संस्था उभी आहे. आमची स्वतःची बस नाही, भाड्याचं ऑफिस नाही. नोंदणी, हिशोब आणि सामान मी बघते, डोंगरातली बाजू माझा धाकटा भाऊ सांभाळतो. सोबत दोन लीडर आणि प्रत्येक गावचे वाटाडे. ट्रेकिंगचा व्यवसाय म्हटलं की रात्री दादरहून सुटणारी भरगच्च बस लोकांच्या डोळ्यांसमोर येते. आमची माणसं मात्र शेवटची कसारा लोकल पकडतात. चौकशीला फोन करणारे बहुतेक जण पहिलं हेच विचारतात, की बस का नाही?

मुंबईकरांना डोंगर दाखवला तो रेल्वेने. कल्याणला रूळ दोन दिशांना फुटतात. एक फाटा कर्जत-खोपोलीकडे, दुसरा कसाऱ्याकडे. बोरघाट 1863 मध्ये आणि थळघाट 1865 मध्ये रेल्वेला खुला झाला, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. आजही आसनगावला उतरलं की माहुली, कर्जतला उतरलं की ढाक आणि पेठ, कसाऱ्याला उतरलं की कळसूबाईची सगळी रांग. सीएसएमटीपासून कसारा सुमारे 121 किलोमीटर. आठवडाभर याच डब्यात लोंबकळत कामावर जाणारा माणूस शुक्रवारी रात्री त्याच डब्यातून डोंगराकडे निघू शकतो, आणि तिकिटाला शंभराची नोटही मोडावी लागत नाही. पगार बेताचा असला तरी डोंगर परवडला पाहिजे, हे आमच्या कामामागचं पहिलं कारण.

दुसरं कारण असं, की लोकलने जाताना सॅक आपोआप आवरते. बसच्या डिकीत काय वाटेल ते कोंबता येतं. लोकलमध्ये सॅक स्वतः उचलून चढायचं, जागा नसेल तर पायांत घेऊन उभं राहायचं. ट्रेकच्या आठवडाभर आधी आम्ही ठाण्यात बैठक घेतो, तिथे सगळ्यांच्या सॅका ताणकाट्याला लावतो. पाणी सोडून दहा किलोच्या वर काटा गेला की सामान बाहेर. जीन्स निघतात, दुसरी बुटांची जोडी निघते, आईने दिलेला लाडवांचा डबा निघतो. (तो अर्धा करून परत आत जातो, लाडू डोंगरात फार कामाचे.) स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट, एक गरम कपडा, टॉर्च, तीन लिटर पाण्याच्या बाटल्या, ताट-वाटी आणि स्वयंपाकाच्या सामानातला वाटणीचा हिस्सा, एवढ्यात चार दिवस नीट निघतात.

आम्ही दोघं वाढलो कल्याणात. डोंगर शिकलो तो ना नफा-ना तोटा तत्त्वावर चालणाऱ्या एका गिर्यारोहण मंडळात. वर्गणी काढायची, खर्च सारखा वाटून घ्यायचा, उरलेले दहा रुपयेसुद्धा परत करायचे, हा तिथला शिरस्ता. त्यामुळे डोंगर दाखवायचे पैसे घ्यायचे म्हटल्यावर घरात आणि मंडळातही बरीच चर्चा झाली. मी तेव्हा एका कंपनीत अकाउंट्स बघत होते. मला दिसत होतं ते असं: मंडळातले अनुभवी लोक हौसेखातर सुट्ट्या खर्चून लीडरशिप करत होते, वाटाड्याच्या हातावर शेवटी जमेल तेवढे पैसे टेकवले जात होते आणि ज्या घरी आम्ही जेवायचो तिथे दर कधी ठरलेलाच नसायचा. डोंगरात राहणाऱ्या माणसाचं काम हे काम आहे, त्याला ठरलेली मजुरी हवी. ती द्यायची तर रीतसर व्यवसाय करावा, असं माझं मत होतं. आजही तेच आहे.

मग विकायचं काय? एका दिवसाचे ट्रेक करणारे तेव्हाही पुष्कळ होते. आम्ही निवडला रतनगड ते हरिश्चंद्रगड हा रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेतून एका गडावरून दुसऱ्यावर चालत जायचं, कात्राबाईच्या खिंडीतून. ट्रेकरमंडळींत हा मार्ग पूर्वीपासून प्रसिद्ध. पण नवख्या माणसाने एकट्याने जावं असा नाही. वाटेत दाट रान आहे, ढोरवाटांचं जाळं आहे, आणि चुकलात तर विचारायला कोणी भेटत नाही.

पहाटे तीनच्या आसपास लोकल कसाऱ्याला पोचते. तिची हद्द तिथेच संपते, पुढे घाट. थळघाटाचा चढ 1:37 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. म्हणून नाशिककडे जाणाऱ्या लांबच्या गाड्यांना इथे मागून बँकर, म्हणजे चढावर ढकलणारी जादा इंजिनं जोडतात. फलाटावर चहा घेत आम्ही ते जोडकाम बघतो, लहान मुलं सोबत असली तर त्यांना हटकून दाखवतो. ठरलेल्या जीप बाहेर उभ्या असतात. घोटीवरून शेंडी, भंडारदऱ्याच्या पाण्याला वळसा आणि उजाडता उजाडता रतनवाडी. अमृतेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ बघून, पोहे खाऊन चढायला लागायचं. लोखंडी शिड्या चढून दुपारपर्यंत गडावर. संध्याकाळी नेढ्यात, म्हणजे कातळाला पडलेल्या आरपार भोकात बसलं की समोर अलंग, मदन, कुलंग आणि त्यांच्या पलीकडे 1646 मीटरची कळसूबाई दिसते. मुक्काम गुहेत, पाणी टाक्यातलं, उकळून.

दुसरा दिवस या मार्गाचा कस पाहतो. गड उतरताना रतनवाडीची वाट सोडून कात्राबाईकडे वळायचं. कारवीच्या झाडीतून वाट जाते, ती इतकी दाट की पुढच्या माणसाची सॅकच काय ती दिसते. ही कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, बाकीची वर्षं नुसती हिरवी भिंत. हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं क्षेत्र, 1986 मध्ये जाहीर झालेलं. माथ्यावर शेकरूचा आवाज येतो, नशिबात असेल तर ते दिसतंही. खिंड चढून पलीकडे उतरलं की मुळेच्या खोऱ्यात आपण कुमशेतला येतो.

या कुमशेतने आमच्या व्यवसायाचा आकार ठरवला. पहिल्याच हंगामात आम्ही ज्या घरी उतरलो, त्या घरच्या मामांनी पडवीत उभं राहून, नजरेने माप घेऊन सांगितलं, "हे पाहा ताई, बारा जणं असली तर घरात झोपा. त्याच्या वर असली तर मला नीट जेवाय घालता यायचं नाही." तेव्हापासून आमची बॅच लीडर धरून बारा जणांची. पुढे मागणी वाढली, चाळीस-पन्नास जणांची बॅच काढा म्हणून सल्ले आले, पैशाचं गणितही तिकडेच बोट दाखवत होतं. पण त्या घरच्या मावशींच्या चुलीवर एका वेळी एकच तवा बसतो. भाकरी गरम मिळायची तर खाणाऱ्यांचा आकडा आटोक्यात हवा. पन्नास माणसं नेली की केटरर न्यावा लागतो, केटरर नेला की टेम्पो लागतो, आणि मग गावातल्या घरात आपल्याला कामच उरत नाही.

त्या चुलीपाशी काय मिळतं तेही लिहिते. तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, वरईचा भात, लसणीची चटणी. शेंगोळीचं पीठ मावशी हाताला तेल लावून पाटावर वळतात, बोटाएवढी वळी करून टोकं जुळवतात आणि उकळत्या रश्श्यात सोडतात. आमच्या बॅचमधल्या मुलामुलींनी तिथे बसून वळायला शिकावं, असं आम्ही आवर्जून म्हणतो. त्या दोन तासांत महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांचं जगणं जेवढं कळतं तेवढं माझ्या माहितीपत्रकातून कळत नाही. भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 पासून शेजारच्या प्रवरेच्या खोऱ्यातलं पाणी खाली देशावरच्या शेतांना पुरवतंय, आणि वरच्या वाड्यांतल्या बायका मात्र उन्हाळ्यात हंडे घेऊन झरे शोधत हिंडतात. पावसाळ्यात इथे पाऊस कोसळतो आणि तरीही ही स्थिती. हे आम्ही प्रत्येक बॅचला सांगतो, कारण त्यांनी मागितलेला आंघोळीचा गरम पाण्याचा तांब्यासुद्धा कोणाच्या तरी डोक्यावरून आलेला असतो.

तिसऱ्या दिवशी मुळा ओलांडून पाचनई आणि संध्याकाळी हरिश्चंद्रगड. चौथ्या दिवशी देऊळ, केदारेश्वराची गुहा, तारामती, कोकणकडा. तिथून टोलारखिंडीतून खिरेश्वरला उतरायचं, खुबी फाट्यावर कल्याणची एसटी पकडायची, आणि माळशेज उतरून परत रेल्वे स्टेशनवर. कोकणकड्यावर कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पाहिलेल्या इंद्रवज्राची, म्हणजे धुक्यावर उमटणाऱ्या गोल इंद्रधनुष्याची चौकशी सगळे करतात. पण त्यासाठी पाठीशी ऊन आणि समोर दरीत धुकं असं दोन्ही जुळावं लागतं, म्हणून जाहिरातीत आम्ही त्याचा उल्लेखही करत नाही.

कात्राबाई उतरताना एकदा एका सहभागी मुलीचा घोटा मुरगळला, पाय टेकवेना. फोनला रेंज नव्हती. आमचा वाटाड्या कुमशेतला पळत गेला आणि तासाभरात गावातली सहा माणसं घेऊन आला. त्यांनी दोन बांबू तोडले, मध्ये घोंगडी बांधून डोली केली आणि आळीपाळीने खांदे बदलत तिला गावात आणलं. पुढे जीपने राजूर. पैसे द्यायला गेले तर मामा म्हणाले, "डोलीचे पैसे घेत नसतात, ताई." त्या हंगामाच्या शेवटी आम्ही गावासाठी स्ट्रेचर आणि प्रथमोपचाराची पेटी आणून दिली, आणि कुमशेत-पाचनईच्या तरुणांसाठी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण ठेवलं. पेटीतली मुदत संपलेली औषधं दर दिवाळीआधी आम्ही बदलतो.

मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाली आणि आमचा व्यवसाय त्याच दिवशी थांबला. फेब्रुवारी 2021 मध्ये ठरावीक वेळांत ती सगळ्यांसाठी सुरू झाली, पुन्हा बंद झाली, आणि लशीचे दोन डोस घेतलेल्यांसाठी 15 ऑगस्ट 2021 पासून उघडली. दोन हंगाम जवळजवळ कोरडे गेले. बस करून ट्रेक काढा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण गावांनीच वेशी बंद केल्या होत्या आणि ते योग्यच होतं. आम्ही त्या काळात दुसरं काम सुरू केलं. वाड्यांतला हातसडीचा तांदूळ, नाचणी, वरई आणि हुलगे टेम्पोने कल्याणला आणून आमच्या जुन्या ट्रेकर कुटुंबांना विकू लागलो. घोटीच्या बाजारात मिळतो त्यापेक्षा चांगला भाव गावात रोख दिला. ट्रेक सुरू झाल्यावरही हे काम चालू आहे आणि पावसाळ्यात आमचं घर त्याच्यावर चालतं, कारण जून ते सप्टेंबर आम्ही हा मार्ग बंद ठेवतो. ओढ्यांना पूर असतो, खिंडीत समोरचं दिसत नाही.

ऑगस्ट 2021 मध्येच राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्याच्याविरुद्ध ट्रेकर मंडळींत बरीच नाराजी होती. कागदपत्रं वाढली हे खरं, तरी मला नोंदणीची आणि सुरक्षेच्या नियमांची सक्ती हवीच होती. जो आयोजक अनोळखी लोकांकडून पैसे घेतो त्याने त्यांच्या जिवाची जबाबदारी लेखी घ्यावी, यात चुकीचं काय? शनिवार-रविवारी पाचनईच्या वाटेवर शेकड्याने माणसं चढतात, स्पीकर लावतात, प्लास्टिक टाकून जातात. त्यांना आणणारे काही आयोजक गावात चहासुद्धा विकत घेत नाहीत. म्हणून आमची बॅच आम्ही गुरुवारी रात्री काढतो आणि हरिश्चंद्रगडावरचा मुक्काम रविवारी रात्री ठेवतो, गर्दी उतरून गेल्यावर. शुक्रवारची आणि सोमवारची रजा टाकायला लागते, पण गड मोकळा मिळतो.

दराबद्दल लोक विचारतात म्हणून सांगते. जीप, तीन ठिकाणचं जेवण, वाटाड्यांची मजुरी, अभयारण्याचं शुल्क, लीडरचं मानधन आणि विमा हे मोठे खर्च. आमच्या दरातले निम्म्याहून जास्त पैसे अकोले तालुक्यातच राहतात, आणि हा हिशोब आम्ही ट्रेक संपल्यावर प्रत्येक बॅचला पाठवतो. तो बघून आजवर कोणी घासाघीस केलेली नाही.

आता पुढचं. अलंग-मदन-कुलंग सुरू करा, अशी मागणी जुन्या सहभागींची आहे. कसाऱ्याहूनच जायचं, पायथ्याला आंबेवाडी. पण तिथले कातळटप्पे दोराशिवाय होत नाहीत, आणि बाहेरून तांत्रिक टीम आणून तो ट्रेक करायची आमची इच्छा नाही. आंबेवाडीतले दोन तरुण सध्या प्रस्तरारोहणाचं रीतसर प्रशिक्षण घेतायत, त्याचा खर्च संस्था करते. त्यांचं शिक्षण पूर्ण होऊन त्यांनी स्वतः दोर लावून आमच्या लीडरना मदनवर नेऊन आणलं, की मग तारखा ठरवू. तोपर्यंत त्या मार्गाची नोंदणी आम्ही घेणार नाही.