मेथी, मटार आणि चेर्नोबिल

बँकेतून निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या सोमवारी हिने माझ्यापुढे पेपर पसरला. वाचायला नव्हे. त्यावर मेथीच्या दोन जुड्या ठेवल्या आणि म्हणाली, "अहो, बसल्या बसल्या एवढं करा." तेव्हापासून भाजी निवडण्याचं खातं माझ्याकडे वर्ग झालं ते आजतागायत. सही-शिक्क्याचे अधिकार मात्र तिच्याकडेच आहेत. देठ जास्त राहिले की परात परत येते.

नुसती मेथी निवडत बसणं म्हणजे फारच झालं, म्हणून टीव्ही सुरू केला. मुलगी बंगळुरूला असते. तिनं तिकडून दोन-तीन ठिकाणचे पासवर्ड पाठवले आणि मी पस्तीस वर्षांत बघितलं नव्हतं तेवढं चार-पाच वर्षांत बघून टाकलं. ती फोनवर विचारते, "बाबा, कसं वाटलं? दहापैकी किती?" मला आकड्यात सांगता येत नाही. जन्मभर आकड्यांतच बसलो होतो, आता पुरे. माझं माप वेगळं आहे. शेवटची पाटी पडली तेव्हा परातीत न निवडलेली भाजी किती उरली? सगळी निवडून झाली असेल तर सिनेमा बेताचा. अर्धी उरली असेल तर बरा. आणि हातातली काडी हातातच राहून पानं मऊ पडली असतील तर मग मी मुलीला आपणहून फोन करतो.

यात भाजीचाही हिशेब धरावा लागतो. मेथीला मधूनमधून नजर लागते, पिवळं पान हाताला कळत नाही. गवार तर हात आणि डोळे दोन्ही मागते, एखादी शीर राहिली की जेवताना बरोबर माझ्याच ताटात येते. मटार हा एकच प्रामाणिक माल, आंधळ्यानंही सोलावा. म्हणून खाली वाचत बसावं लागतं असे सगळे परभाषी सिनेमे मी डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवतो. इंग्रजीही त्यातच. वाचायला येतं, पण ती माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात.

'चेर्नोबिल' अशीच मटारावर बघितली. २०१९ची, पाचच भागांची मालिका. रशियन माणसं चक्क ब्रिटिश उच्चारांचं इंग्रजी बोलतात, याची पहिली दहा मिनिटं गंमत वाटली, मग विसरायला झालं. त्यात एक प्रसंग आहे. अणुभट्टीत स्फोट होऊन गेलाय आणि किरणोत्सर्ग मोजायच्या यंत्राचा आकडा ३.६वर थांबलाय. थांबणारच, कारण त्या यंत्राची झेपच तेवढी. पण साहेब लोक एकमेकांना सांगत सुटतात की ३.६ आहे, फार काही नाही. आणि तो आकडा वर वर चढत मॉस्कोपर्यंत जातो. मी शेंग हातात धरून बसलो. आमच्याकडे वरून एक तक्ता यायचा. त्यात थकबाकीचा रकाना जेवढा रुंद, तेवढीच आमची थकबाकी. अणुभट्टी नव्हती एवढंच. पुढे तीन माणसं पाणी भरलेल्या तळघरात उतरतात आणि त्यांच्या विजेऱ्या विझत जातात. काळाकुट्ट अंधार आणि त्या यंत्राची टकटक. त्या रात्री एक किलोतले निम्मे मटार शेंगेतच राहिले. हिनं सकाळी परात बघितली आणि म्हणाली, "काल चांगलं होतं वाटतं काहीतरी."

'स्कॅम १९९२'ला निमित्त वेगळं. १९९२च्या एप्रिलमध्ये हर्षद मेहताचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा मी एका लहान शाखेत काउंटरवर होतो. बँक रिसीट हा शब्द आमच्या शाखेत तोपर्यंत कुणी उच्चारला नव्हता आणि त्यानंतर दुसरा शब्द कुणी उच्चारला नाही. एका बँकेनं दुसरीला रोखे विकायचे, ठरल्या दिवशी परत घ्यायचे, मधे दलाल, आणि खरे रोखे हलवायच्या ऐवजी नुसती एक चिठ्ठी हलवायची. चिठ्ठीमागे रोखेच नसले तर? मालिकेनं हे इतकं सोपं करून सांगितलंय की हिलाही कळलं, आणि "म्हणजे भिशीसारखंच की," असं म्हणून तिनं ते आणखी सोपं केलं. प्रतीक गांधीनं काम असं केलंय की माणूस बुडवतोय हे दिसत असूनही आपण त्याच्याच बाजूनं बसतो. माझी तक्रार नेमकी तीच. त्यातले बँकवाले तेवढे घाम पुसत येतात आणि घाम पुसत जातात.

भाच्यानं 'ब्रेकिंग बॅड'चा आग्रह धरला म्हणून एक अख्खा हिवाळा त्याला दिला. बासष्ट भाग. सगळं जग त्यातल्या अमली पदार्थ बनवणाऱ्या मास्तराचं कौतुक करतं. मला त्याची बायको पटली, आणि हे बोललो की तरुण मंडळी गप्प होतात. एका गोदामात नोटांचा ढीग रचलेला आहे आणि ही बाई नवऱ्याला सांगते की किती आहेत ते मला माहीत नाही, मोजणं सोडून दिलं. माझ्या पोटात खड्डा पडला. न मोजलेली रोकड! त्यापुढे माणसं मारणं वगैरे मला फारसं लागलं नाही.

'पंचायत'विषयी जास्त बोलत नाही. पहिले दोन सीझन सोनं, पुढे निवडणूक फार झाली. निवडणूक आम्हाला गल्लीत फुकट दिसते. मात्र त्यात प्रधानजी सचिवाला घरचा दुधी भेट देतात, तेव्हा ही म्हणाली, "बघा, तिकडे दुधी मानानं देतात. इथे आणला की तोंडं वाकडी." दुधी सोलायला दोन मिनिटं लागतात, त्यामुळे त्यावर कुठलीच मालिका बसत नाही.

'कोर्ट' मी दोनदा बघितला. चैतन्य ताम्हाणेचा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. पहिल्यांदा ही अर्ध्यात उठली. "काही घडतच नाही हो यात." अगं, पण कोर्टात तरी काय घडतं? कर्जवसुलीच्या एका खटल्यात बँकेतर्फे साक्षीला मी किती तारखांना गेलो असेन त्याची गणती नाही. तिथला वेळ असाच जातो. न्यायाधीश तुमचं बोलणं स्वतःच्या वाक्यात टंकलेखकाला सांगतात, तो टंकतो, आणि त्या दोघांमध्ये आपण म्हटलेलं वाक्य कुठे गेलं हे शोधत आपण उभे. त्यात एका बाईचा खटला तिच्या कपड्याला बाह्या नाहीत म्हणून पुढे ढकलला जातो. ना संगीत, ना धक्का. पुढचा खटला. म्हाताऱ्या शाहिराला आत टाका म्हणणारी सरकारी वकीलबाई संध्याकाळी लोकलनं घरी जाते, मुलाला आणते, स्वयंपाकाला लागते. तिचा राग करायचा तर ती भाजी फोडणीला टाकतेय. दिग्दर्शकानं आपली ही अडचण मुद्दाम केली आहे, आणि मला ती फार आवडली.

पुढे 'गुल्लक' लावली तेव्हा ही आतून ओरडली, "अहो, ही तीच की वकीलबाई!" तीच. गीतांजली कुलकर्णी. इथे ती उत्तरेकडच्या एका गावातल्या मिश्रांची शांती झाली आहे आणि दिवसभर तिच्या तोंडाचा पट्टा चालू. भांडं आपटण्याचे दोन प्रकार असतात, एक घाईचं आणि एक ऐकवायचं. दोन्ही तिला वेगवेगळे येतात. घरातली कथा घरातलीच एखादी वस्तू सांगते ही कल्पना मला आधी बालिश वाटली होती. चार भागांनंतर त्या मातीच्या गल्ल्याचा आवाज आला नाही तर चुकल्यासारखं व्हायला लागलं.

आता मालिका. म्हणजे आपल्या संध्याकाळच्या, मराठी. नोकरीत होतो तोवर मी त्यांची भरपूर टिंगल केली. 'चार दिवस सासूचे' २००१ साली सुरू झाली आणि तीन हजारांवर भाग करून २०१३ साली थांबली. "चार दिवसांचा हिशेब कुणी केला, आमच्या ऑडिटरनं?" हा माझा ठरलेला विनोद होता. पेपर हातात, पाय टेबलावर, आणि विनोद. ही तेव्हा पोळ्या लाटता लाटता स्वयंपाकघराच्या दारातून अर्धा टीव्ही बघायची.

मेथी हातात आल्यावर माझं मत बदललं. एकच वाक्य तीनदा का बोलतात, कुणी दार उघडलं की ढगफुटी झाल्यासारखं संगीत का वाजतं, मग एकेका चेहऱ्यावर कॅमेरा का जाऊन थांबतो, हे सगळं मला एका जुडीत कळलं. मान खाली घालून काम करणाऱ्या माणसाला मान कधी वर करायची याचा तो इशारा असतो. कुकरची शिट्टी झाली, दूध बघायला जावं लागलं, तरी परत येईपर्यंत सासूबाई त्याच वाक्यावर असतात. पायावर पाय टाकून बघणाऱ्याला ते संथ वाटतं, कारण ते त्याच्यासाठी केलेलंच नाही. याचा अर्थ मालिका चांगल्या असतात असा नाही. रात्री झोपताना भरजरी शालू आणि गळ्यात तन्मणी, हे मला अजून पचत नाही. पण पूर्वीसारखं मोठ्यानं हसत नाही.

थिएटरात भाजी नेता येत नाही ही माझ्या पद्धतीतली उणीव आहे. 'सैराट' २०१६ साली थिएटरात बघितला. नोकरीत होतो तेव्हा. 'झिंगाट'ला पुढच्या चार रांगा उठून नाचत होत्या, मागे पायऱ्यांवरही पोरं. आणि शेवटी ते लहान मूल पावलं उमटवत बाहेर येतं, आवाज बंद होतो, तेव्हा माझ्या शेजारच्या माणसाच्या मांडीवरची वेफर्सची पिशवी एकदा वाजली आणि त्यानं ती मुठीत घट्ट धरली. स्कूटरवरून घरी येईपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. भाजी असती तरी काय केलं असतं.

खरी गोष्ट सांगायची ती 'द ग्रेट इंडियन किचन'ची. मल्याळम, जिओ बेबीचा, २०२१चा. जानेवारी होता, दोन किलो मटार होते आणि ही शेजारी येऊन बसली होती, हे विशेष. नवी सून घरात येते. पहाटेपासून चिरणं, वाटणं, वाढणं, मग उष्टी काढणं, मग पुन्हा चिरणं. पुरुष दोघं जेवून उठतात आणि चघळलेल्या शेवग्याच्या शेंगा ताटाबाहेर टेबलावरच पडलेल्या. सासरे गोड आवाजात सांगतात, भात चुलीवरचा बरा लागतो. चटणी पाट्यावर वाटलेली बरी. कुणी ओरडत नाही, मारत नाही. सिंकखालचा पाइप गळतोय. ती नवऱ्याला सांगते, प्लंबरला सांगा. तो विसरतो. ती परत सांगते. तो परत विसरतो. खाली ठेवलेल्या बादलीत काळं पाणी साठत राहतं.

भाजी निवडतो म्हणून मी स्वतःला बऱ्यापैकी सुधारक समजत होतो. मिक्सरची चटणी ती चटणीच नव्हे, असं मीही एकेकाळी म्हणालो आहे. एकदा नाही. कौतुकानं म्हणायचो, म्हणजे मला तरी ते कौतुक वाटायचं. मी हळूच आजूबाजूला बघितलं. माझ्याभोवती जमिनीवर दोन हात लांबपर्यंत मटारची सालं पसरली होती. ती रोज कोण उचलत होतं?

आणि आमच्याही सिंकखाली बादली होती. तीन आठवडे झाले होते.

ही काहीच बोलली नाही. सिनेमाभर एक शब्द नाही. शेवटी त्या बादलीतल्या पाण्याचं काय होतं ते मी सांगत नाही, ज्यांनी बघितला नाही त्यांनी बघावा. पाटी पडली. ही उठली, आत गेली, आणि आतून बादली मोरीत रिकामी केल्याचा आवाज आला. मी सालं गोळा करायला लागलो. पलंगाखाली गेलेलीसुद्धा.

सकाळी सातलाच प्लंबरला फोन लावला. तो म्हणाला, "काका, एवढ्या सकाळी? पाणी भरलंय का घरात?" नऊला आला, वॉशर बदलला, वीस मिनिटांत गेला. शंभर रुपये. हिनं नळ सोडला, खाली वाकून बघितलं, हात फिरवून पाइप कोरडा असल्याची खात्री केली. मग म्हणाली, "तीन आठवड्यांपूर्वी का नाही लावलात हा सिनेमा?"

मुलीला फोन केला. दहापैकी किती, तिनं विचारलं. मी म्हणालो, आईला विचार. दोघी अर्धा तास बोलत होत्या आणि मला त्यातलं फक्त "नाही गं, निवडतात ते, निवडतात" एवढंच ऐकू आलं.

काल तिनं एक कोरियन मालिका सुचवली आहे, सोळा भागांची. रडू येईल म्हणाली. संध्याकाळी मी पेपर पसरून तयार बसलो, रिमोट हातात. ही बाजारातून आली, पिशवी ओतली आणि माझ्या हातातला रिमोट काढून घेत म्हणाली, "आज गवार आहे. मराठीच लावू."