सौद्याच्या दिवशी पट्टी अडली

फेब्रुवारीतला सौद्याचा दिवस. हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात सकाळी अकरानंतर अडत दुकानात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. अशा एका दुकानाच्या पट्ट्यांचा, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदांचा, प्रोग्राम मी सांभाळतो. साडेदहाला तिथल्या दिवाणजी काकांचा फोन आला. "सर, नवा कॉम्प्युटर बसवलाय, पण आपला प्रोग्राम उघडंना. पट्ट्या अडल्यात. बाहेर माणसं थांबल्यात."

जुन्या मशीनचा मदरबोर्ड आदल्या संध्याकाळी गेला होता. यूपीएसची बॅटरी संपलेली, वीज एकदा गेली, आली, पुन्हा गेली, आणि बोर्ड बसला. हार्डवेअरवाल्याने रात्रीतच नवे मशीन आणून लावले: आठ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, विंडोज ११. जुन्या डिस्कवरचा फोल्डर त्याने जसाच्या तसा उतरवून घेतला होता. डबल क्लिक केले की निळी चौकट येई आणि हे अ‍ॅप या पीसीवर चालणार नाही, एवढेच सांगून निघून जाई.

कॉपी करण्यात चूक झाली नव्हती. हा प्रोग्राम विंडोजच्या आधीच्या डॉसवरच्या फॉक्सप्रो २.६ मध्ये लिहिलेला आहे, म्हणजे सोळा बिटचा. बत्तीस बिटच्या विंडोजमध्ये असे प्रोग्राम चालवायला एनटीव्हीडीएम नावाचा भाग असायचा. चौसष्ट बिटच्या विंडोजमध्ये तो भाग नाही, कारण प्रोसेसर चौसष्ट बिटच्या चालीत गेला की जुन्या डॉस प्रोग्रामला लागणारी ८०८६ ची नक्कल तो करू शकत नाही. विंडोज १० ची बत्तीस बिट आवृत्ती होती, विंडोज ११ ची निघालीच नाही. आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे बत्तीस बिटचे विंडोज जिथे होते तिथेच थांबले, आणि त्याच्या आधाराने उभी असलेली ही दुकाने त्याच्याबरोबर थांबली.

हार्डवेअरवाल्याने सुचवले, "नव्या मशीनवरच बत्तीस बिटचं विंडोज १० टाकू." त्यात त्याचा तास गेला होता. ते व्हायचे नाही. मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम आता यूईएफआय असतो. बत्तीस बिटचे विंडोज चौसष्ट बिटच्या यूईएफआयवरून सुरू होत नाही, त्याला जुन्या पद्धतीचे बायोस लागते. या बोर्डात तसे बूट करण्याची सोयच नव्हती. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मशीनच्या आत दुसरे आभासी मशीन करून, जुने विंडोज बसवता आले असते, पण मग दिवाणजींच्या समोर दोन विंडोज येतात, एकात प्रिंटर दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही. गर्दीच्या वेळी ते चालत नाही.

शेवटी व्हीडॉस वापरले. हा छोटा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, खेळांसाठी नसून धंद्याच्या डॉस प्रोग्रामसाठीच केलेला आहे, आणि फाइल व रेकॉर्ड लॉकिंग, म्हणजे एकाने दुरुस्तीला घेतलेली नोंद दुसऱ्याला बदलू न देणे, तो पाळतो. फोल्डर थेट सी ड्राइव्हवर ठेवावा, नाव आठ अक्षरांच्या आत, मध्ये मोकळी जागा नको. डेस्कटॉपवर किंवा प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवला की परवानग्यांचा घोळ होतो, आणि लिहिलेला डेटा भलत्याच ठिकाणी जाऊन पडण्याचा धोका असतो. मग सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ऑटोएक्झेकच्या टेक्स्ट फाइलमध्ये त्या फोल्डरला डॉसचा सी ड्राइव्ह म्हणून जोडायचे. पंधरा मिनिटांत मेनू दिसला.

मेनू दिसला म्हणून नोंद चालू करायची नाही, हे मी काकांना दोनदा सांगितले. मशीन नोंद चालू असतानाच मेले होते, त्यामुळे आधी फाइल तपासायची होती. नोंदी ज्यात राहतात त्या डीबीएफ फाइलची रचना इतकी साधी आहे की एकेक बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये ती डोळ्यांनी वाचता येते. सुरुवातीला ३२ बाइटचे डोके, मग प्रत्येक रकान्याला ३२ बाइट, शेवटी एक खूण. पट्टीच्या फाइलीत १८ रकाने, म्हणजे ३२ अधिक ५७६ अधिक १, एकूण ६०९ बाइटचे हेडर. एक नोंद १४२ बाइटची. फाइलचा आकार होता ६८,४६,८५६. त्यातून हेडर आणि शेवटचा एक बाइट वजा करून १४२ ने भागले की ४८,२१३ नोंदी निघतात. हेडर मात्र ४८,२१६ सांगत होते. नोंदींचा आकडा चौथ्या बाइटपासून, मोजणी शून्यापासून, चार बाइटमध्ये उलट क्रमाने असतो. तिथे ५८ बीसी ०० ०० होते, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेले ४८,२१६. आधी फाइलची प्रत काढली, मग पहिला बाइट ५८ चा ५५ केला, म्हणजे आकडा ४८,२१३ झाला, आणि सेव्ह केले. त्यानंतरच इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, नव्याने बांधले. हे उलट्या क्रमाने केले, म्हणजे आधी रीइंडेक्स आणि मग तपासणी, तर नसलेल्या नोंदींचेही इंडेक्स बांधले जाते आणि घोटाळा खोल जातो. लांब मजकुराची, म्हणजे मेमोची, एफपीटी फाइल डीबीएफच्या शेजारी आली आहे ना, हेही इथेच बघून घ्यावे. पुष्कळदा तीच मागे राहते.

तीन नोंदी गेल्या होत्या. त्या कुठे मिळतील ते काकांना सांगावे लागले नाही. त्यांनी पट्टीच्या तिसऱ्या, गुलाबी प्रतींची फाइल खाली काढली. वाळवा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची हळकुंडाची दोन वजने आणि गड्ड्याचे एक, तिथे कार्बनच्या ठशात होती.

अडत दुकानात डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून का आहे याचे हे एक उत्तर आहे. पट्टी तीन प्रतींत लागते: एक शेतकऱ्याला, एक खरेदीदाराच्या हिशोबाला, एक दुकानात. तिन्ही एकाच ठोक्यात उमटायला हव्यात. लेझर प्रिंटर तीन वेळा छापेल, पण त्या तीन वेगळ्या प्रती झाल्या, एकीत फरक केला तरी दुसरीला कळत नाही.

खरा वेळ प्रिंटरनेच खाल्ला. डॉसचा प्रोग्राम थेट एलपीटी या जुन्या प्रिंटर पोर्टवर लिहितो. नव्या मशीनला तो पोर्ट नाही, प्रिंटर यूएसबीवर. तो जेनेरिक टेक्स्ट ओन्ली ड्रायव्हरने बसवला, छोट्या नावाने शेअर केला, आणि छपाईचा मजकूर आधी फाइलीत उतरवून एका बॅच फाइलने त्या शेअरकडे कॉपी केला. पहिली पट्टी निघाली ती दुकानाच्या नावाच्या मध्येच थांबली. पुढे कोरा कागद.

डॉसमध्ये देवनागरी नव्हती, म्हणून पट्टीवरचे दुकानाचे मराठी नाव अक्षरांचे नसून ठिपक्यांचे चित्र आहे. प्रिंटरच्या एस्केप के या आज्ञेमागून एकेका उभ्या ओळीचा एकेक बाइट जातो. त्या चित्रात कुठेतरी २६ हा बाइट येत होता. प्रिंटरकडे पाठवताना साध्या कॉपी आज्ञेला २६ म्हणजे फाइलचा शेवट वाटतो. आज्ञेत स्लॅश बी घातले, म्हणजे जे आहे ते बाइट म्हणून जसेच्या तसे पाठव असे सांगितले, आणि नाव पूर्ण उमटले.

दुसरा प्रकार त्याहून चिवट होता. प्रत्येक पट्टी आधीच्यापेक्षा खाली सरकत होती. कागद बारा इंची, मध्ये छिद्रांची रेघ, म्हणजे पट्टी सहा इंचांची. प्रिंटरला एस्केप सी ३६ पाठवून पानाची उंची ३६ ओळी सांगावी लागते. प्रोग्राम ही आज्ञा सकाळी सुरू होताना एकदाच पाठवतो. इथे मध्येच प्रिंटर बंद-चालू केला होता आणि तो आपल्या मूळ लांबीवर गेला होता. आता ती आज्ञा प्रत्येक पट्टीच्या डोक्यावर घातली आहे. बारीक अक्षरासाठी १५ आणि परत नेहमीच्या अक्षरासाठी १८ हे बाइटही त्यातच.

दुसऱ्या गल्ल्यावरचे मशीन अजून जुनेच आहे. त्याचा बिनपासवर्डचा शेअर नवे विंडोज उघडेना. जुन्या मशीनवर पासवर्डसह एक खाते केले तेव्हा उघडला. मग एकच पट्टी दोन्हीकडे उघडून पाहिली. एकीकडे दुरुस्तीला घेतली की दुसरीकडे 'रेकॉर्ड दुसऱ्याच्या वापरात आहे' असा अडथळा आला पाहिजे. तो आला. ही चाचणी केल्याशिवाय दोन मशीनवर काम सोडू नये.

सव्वाबाराला पट्ट्या सुरू झाल्या. शेठनी चहा मागवला आणि विचारले, "आता हे किती वर्षं चालंल?"

एम्युलेटर प्रोसेसरचीच नक्कल करतो, त्यामुळे डॉसच्या बाजूने काळजी नाही. मला घोर आहे तो प्रिंटरच्या वाटेचा. प्रिंटर बनवणाऱ्यांचे नवे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे जानेवारी २०२६ पासून टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. कंपनीकडून स्वतः आणून बसवता येतात, तेवढी सोय आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत 'प्रोटेक्टेड प्रिंट मोड' आला. तो बंदच येतो, पण चालू केला तर फक्त आयपीपी या छपाईच्या ठरलेल्या पद्धतीवर चालणारे आणि मोप्रिया या संस्थेने प्रमाणित केलेले प्रिंटर उरतात. त्यामागचे सुरक्षेचे कारण मला पटते, प्रिंटर ड्रायव्हरमधून बरेच धोके आत आलेले आहेत. तरीही हा मोड उद्या सरसकट चालू झाला तर ठोक्याने छापणाऱ्या प्रिंटरला थेट बाइट पाठवण्याची वाट उरणार नाही, आणि तिन्ही प्रती एका ठोक्यात निघणार नाहीत. त्या दिवशी प्रोग्राम कितीही नवा असला तरी उपयोग नाही.

ब्राउझरमधून चालणारे सॉफ्टवेअर करा, असा सल्ला मला वरचेवर मिळतो. ब्राउझर प्रिंटरला पानाचे चित्र पाठवतो. डॉट मॅट्रिक्सवर ते चित्र फेऱ्या मारत निघते, अक्षर पुसट येते, आणि दारात शेतकरी उभा असतो. शिवाय हंगामात यार्डात इंटरनेट गेले तर पट्टी थांबते. हिशोब दुकानातल्या मशीनवरच राहिला पाहिजे, हे माझे मत बदललेले नाही.

नवा प्रोग्राम डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या साधनात लिहायला घेतला आहे. तिथेही एकट्या माणसाला दोन गोष्टी जड जातात. डॉटनेटच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीलाही तीनच वर्षे मिळतात. १० वी आवृत्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये आली. फॉक्सप्रोच्या या प्रोग्रामने तीस वर्षांच्या आसपास काम केले. आणि डिजिटल सही नसलेला इन्स्टॉलर चालवला की विंडोजची स्मार्टस्क्रीन धोक्याची पाटी दाखवते. सहीच्या प्रमाणपत्राची किल्ली जून २०२३ पासून हार्डवेअर टोकनमध्ये किंवा तशाच सुरक्षित साधनात ठेवावी लागते. माझ्याकडे चौदा दुकानांचे काम आहे, त्यांच्या देखभालीतून हा खर्च काढायचा. फोनवर तोल नोंदवणारे छोटे अ‍ॅप मी एपीके, म्हणजे अँड्रॉइडची इन्स्टॉल फाइल, पाठवून बसवतो. तिथेही विकसकाची ओळखपडताळणी सप्टेंबर २०२६ मध्ये चार देशांत सुरू होणार आणि २०२७ पासून इतरत्र येणार असे जाहीर झाले आहे.

नव्या प्रोग्राममध्ये छपाईचे सगळे बाइट एकाच फाइलीत ठेवले आहेत, म्हणजे वाट बदलली तर तेवढेच बदलेल. डेटा एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसमध्ये, आणि रोज रात्री त्याची डीबीएफ प्रत. गावांची नावे देवनागरीत आणताना 'कऱ्हाड' दोनदा दिसू लागले: एका कीबोर्डवरून ऱ आणि हलंत, दुसऱ्यावरून साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक. डोळ्याला सारखे, शोधायला वेगळे. साठवण्याआधी ते एका रूपात आणावे लागते, नाहीतर एकाच शेतकऱ्याची उचल दोन खात्यांत विभागते.

शेठना मी सांगितले, ही सोय या हंगामापुरती धरा, पुढच्या हंगामाआधी नवा प्रोग्राम आणि जुना महिनाभर शेजारी शेजारी चालवू. त्यांनी मान हलवली आणि यूपीएसची बॅटरी तेवढी आजच मागवली. पुढच्या आठवड्यात यार्डातल्या आणखी तीन दुकानांत जायचे आहे. तिथली मशीन अजून चालू आहेत, त्यामुळे फोल्डर, एफपीटी आणि प्रिंटरच्या आज्ञा आताच उतरवून घेता येतील.