घरच्यांविरुद्ध साक्ष का दिलीत?

राममंदिर पणजोबांनी बांधले, तापीकाठची केळीची जमीनही त्यांनीच देवाला लावून दिली. मग चुलतभाऊ मंदिर खासगी आहे म्हणत असताना तुम्ही आडवे का गेलात, असे मला लग्नकार्यात, अगदी दशक्रियेलाही विचारले जाते.

मी आडवा गेलो नाही. मंदिर सार्वजनिक की खासगी हे ठरवण्यासाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 19 खाली चौकशी झाली, तीत मला साक्षीला भाऊबंदांनीच उभे केले होते. आमच्याच वकिलांनी घेतलेली सरतपासणी ठरल्याप्रमाणे झाली. उलटतपासणीत गावकऱ्यांच्या वकिलांनी आवाज न चढवता विचारले, मंदिर वाड्यात आहे की वेगळ्या जागेवर? वेगळ्या जागेवर. पुजारी घरातला की नेमलेला? नेमलेला. रामनवमीला पाळणा हलवायला येणाऱ्या बाया तुमच्या घरची परवानगी घेत होत्या का? आमच्या वकिलांनी चष्मा काढून कागदांवर ठेवला. "आम्ही येऊ देतो म्हणून येतात" हे उत्तर आदल्या रात्री ओसरीवर ठरले होते आणि ते मलाही पटले होते. मागच्या बाकावर आमच्याच शेतात निंदणीला येणाऱ्या बाया बसल्या होत्या. मी म्हणालो, "नाही, परवानगी कोणी मागत नसे." टंकलेखकाने ते वाक्य उतरवले आणि मी त्याखाली सही केली.

देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर हा 1956 चा निकाल मी नंतर वाचला. निपुत्रिक शेठ घासीराम यांच्या ठाकुरद्वाऱ्याबाबत, म्हणजे मंदिराबाबत, सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र इमारत, कायमची प्रतिष्ठापना आणि वेळोवेळी नेमलेले पुजारी यांसारख्या गोष्टींवरून ते सार्वजनिक ठरवले होते. माझ्या उत्तराने सगळे बुडाले, असे म्हणणाऱ्यांनी पहिली दोन उत्तरेही वाचावीत. मात्र भाऊबंदांची बाजू पोकळ होती असेही मी म्हणणार नाही, कारण दर्शनाला आलेल्याला हिंदू माणूस सहसा परत पाठवत नाही, तेवढ्यावरून मंदिर सार्वजनिक मानू नये, असे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, 1939 मध्येच बजावले होते. आमच्या वकिलांनी तो निकाल वाचून दाखवला. उपयोग झाला नाही.

जमीन घालवली, हा आरोप मात्र मला मान्य नाही. सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून देवाचे नाव होते, आमचे वहिवाटदार, म्हणजे व्यवस्था पाहणारे, म्हणून. मंदिर खासगी ठरले असते तर विक्रीला कलम 36 खालची धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागली नसती. भाऊबंदांना घाई विक्रीचीच होती, आणि त्या विक्रीत माझाही हिस्सा धरलेला होता. तो मला नको होता, असे मी कधीच म्हटलेले नाही. "आठवत नाही" म्हणून सुटता आले असते, असे धाकटा चुलतभाऊ आजही म्हणतो, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.