बॅटरी नवी घातली, दूध तरी नासलंच

आमच्या गाडीला घरात सगळे 'फिरतं घर' म्हणतात, खरं म्हणजे ती एक जुनी शाळेची व्हॅन, मागच्या सीटा काढून मी त्यात प्लायची कॉट, दोन बर्नरची शेगडी आणि 12 व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज बसवलाय. वायरिंग पण स्वतःच केलं, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

एप्रिलमध्ये नळदुर्गला गेलो होतो, सोलापूरपासून जेमतेम तासाभराचा रस्ता, म्हटलं एक रात्र काढून बघू. रात्री दोनच्या सुमारास फ्रिज बंद. परत चालू केला की दोन मिनिटं घुरघुर करायचा आणि परत बंद. सकाळी दूध नासलं, चहा नाही, बायको म्हणाली "अहो, एवढा खटाटोप करण्यापेक्षा लॉजवर राहिलो असतो की." काय बोलणार.

सोलापुरात आल्यावर बॅटरीच्या दुकानात गेलो. त्याने गाडीकडे बघितलंसुद्धा नाही, "उन्हाळ्यात बॅटऱ्या जातात की ओ मालक, नवी टाका." आता हे खोटं नाही, आपल्याकडं पारा 42-43 ला गेला की बॅटरीतलं पाणी पण लवकर आटतं आणि तिचं आयुष्य पण कमी होतं, त्यामुळे मला पटलं आणि नवी घेऊन आलो. चार दिवसांनी फ्रिज परत बंद!

मग मात्र व्होल्ट-करंट मोजायचा मीटर (मल्टिमीटर) काढला. (पहिल्याच दिवशी लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात ठेवून बॅटरीला लावली आणि ठिणगी उडून मीटरचा फ्यूज उडवला तो भाग वेगळा. व्होल्ट मोजायचं असेल तर आधी वायर कुठल्या भोकात आहे ते बघा बे, मी बघितलं नव्हतं.) फ्रिजचा प्लग काढून सॉकेटवर मोजलं तर 12.4. बॅटरीवर पण 12.4. म्हणजे सगळं ओके? इथंच मी दोन दिवस फसलो.

आपल्याकडं नळाचं कसं असतं, नळ बंद असताना पाईपात प्रेशर पूर्ण असतं, सोडला की मग कळतं आत कुठं चोकअप आहे, करंगळीएवढी धार येते. वायरचं पण तसंच. करंटच वाहत नसेल तर व्होल्टेज कुठं पडणार? फ्रिज चालू ठेवून मोजलं तेव्हा बॅटरीवर 12.4 आणि फ्रिजच्या टर्मिनलवर 10.7. एवढं व्होल्टेज पडलं की फ्रिज बॅटरी वाचवायला स्वतःच बंद होतो, म्हणजे तो बिचारा त्याचं काम करत होता.

आता ते 1.7 व्होल्ट गेले कुठं? मीटरची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी फ्रिजच्या प्लसला, फ्रिज चालू, तर 0.4. त्याचं कारण मीच, घरात उरलेली बारीक, दीड एमएमची वायर सहा मीटर ओढली होती. घरात 230 व्होल्टमधून 0.4 गेले तर कुणाला पत्ता पण लागत नाही, पण 12 मधून गेले की जाणवतात. मग मायनस ते मायनस मोजलं तर 1.3! म्हणजे खरा चोर अर्थिंगमध्ये, मायनसची वायर गाडीच्या बॉडीला जोडलेली असते तिथं.

कॉटखालची फळी उचकटली, अर्थिंगचा बोल्ट हाताला चक्क गरम लागला. वायरची थिंबल (टोकाला दाबून बसवतात ती धातूची रिंग) मी बॉडीच्या पेंटवरच आवळून ठेवली होती, पत्र्याला ती नीट टेकलीच नव्हती, आणि त्यात गंज धरलेला. आधी बॅटरीचा मायनस काढला (नेहमी मायनस आधी, नाहीतर प्लस सोडताना पान्हा बॉडीला टेकला की पान्हाच वेल्डिंग होतो), पॉलिश पेपरने पत्रा चकाचक होईपर्यंत घासला, नवीन थिंबल, दातेरी वॉशर, बोल्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली. प्लसला सहा एमएमची वायर ओढली आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर 15 अँपिअरचा फ्यूज टाकला, तो आधी मी फ्रिजजवळ लावला होता म्हणजे मधली सहा मीटर वायर शॉर्ट झाली असती तर वाचवायला कुणीच नाही. ते आठवलं की अजून घाम फुटतो.

आता मायनसला 0.05, प्लसला 0.1. थिंबल, वायर, फ्यूज धरून खर्च नव्या बॅटरीपुढं किरकोळ.

जुनी बॅटरी मी भंगारात न देता खालच्या काकांना त्यांच्या इन्व्हर्टरला दिली होती, "काका चालली तर बघा" म्हणून. परवा रात्री लाईट गेली, आम्ही सगळे गच्चीत पुठ्ठ्याने वारा घेत बसलेलो आणि खाली काकांचा फॅन मस्त फिरत होता.