स्किलची प्रतवारी

मागच्या मंगळवारी दुपारी दोनला लाइन गेली. आमच्याकडे यात सांगण्यासारखं काही नाही. पण त्या वेळी एआय एजंट एका तयार स्किलप्रमाणे, म्हणजे सर्व्हर सुरक्षित करायच्या लेखी सूचनांप्रमाणे, माझ्या चाचणीच्या सर्व्हरवर फायरवॉल लावत होता, आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्यायचं काम मी दोन वर्षांपासून उद्यावर ढकलत आलोय. पाऊण तासानं लाइन आली. सर्व्हरमध्ये शिरायला गेलो तर दार बंद.

होस्टिंगच्या कन्सोलवरून मागल्या दारानं आत गेलो तेव्हा कारण दिसलं. स्किलमध्ये पायऱ्यांचा क्रम असा होता: आधी फायरवॉल चालू करून बाहेरून येणारं सगळं अडवायचं, मग एसएसएचचा, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या दाराचा, २२ नंबरचा पोर्ट उघडायचा. आधीपासून चालू असलेलं कनेक्शन सहसा टिकतं, त्यामुळे ही चूक कोणाच्या लक्षात येत नाही. दोन सेकंदांत पुढची पायरी होऊन जाते. माझा एजंट प्रत्येक कमांडआधी परवानगी विचारतो. तो पोर्ट उघडायची परवानगी मागत थांबला होता, मी चहा मांडायला गेलो होतो, आणि तेवढ्यात लाइन गेली. ज्याच्याकडे चोवीस तास वीज आहे त्याला ही खोट जन्मात सापडायची नाही.

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात बसून चार सर्व्हर सांभाळतो: एका शेतकरी उत्पादक कंपनीचा, एका जिनिंगचा आणि दोन पतसंस्थांचे. उत्पादक कंपनीच्या मॅनेजरभाऊंनीच या स्किलची लिंक पाठवली होती. "हे लावून टाक न भाऊ, सिक्युरिटी आपोआप होते म्हणे याच्यानं." म्हटलं, आधी पाहतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्किल म्हणजे एक फोल्डर. त्यात स्किल डॉट एमडी नावाची फाइल, वर नाव आणि वर्णन, खाली काम कसं करायचं त्याच्या सूचना, सोबत लागल्या तर स्क्रिप्ट. एजंटला सुरुवातीला फक्त नाव आणि वर्णन दिसतं. काम त्या जातीचं वाटलं तरच तो बाकीचं उघडून वाचतो. अँथ्रॉपिकनं हे ऑक्टोबर २०२५ मध्ये आणलं आणि डिसेंबरमध्ये खुलं मानक करून टाकलं. तेव्हापासून स्किलचं पीक आलंय. कोणीही लिहितो, कोणीही वाटतो.

हे स्किल वाचायला झकास होतं. स्वच्छ भाषा, नीट मथळे, शेवटी हिरव्या टिकांचा अहवाल. माझे बाबा जिनिंगमध्ये ग्रेडर होते. गाडीच्या वरच्या थरातला कापूस ते हातातसुद्धा घेत नसत. कोपरापर्यंत हात आत खुपसायचा, तिथला कापूस काढायचा, तार ओढून पाहायची, मग ओलावा. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, आठ ते बारा टक्के ओलावा चालवून घेते, बाराच्या वर गेला की गाडी परत. आणि वरचा थर नेहमी कोरडाच असतो, गाडी भरणाराही काही कच्चा नसतो.

म्हणून मी तीन एकसारखे सर्व्हर उभे केले आणि तिघांत मुद्दाम घाण करून ठेवली. सगळ्यात मोठी गंमत पासवर्डच्या लॉगिनची झाली. स्किलनं एसएसएचच्या मुख्य फाइलच्या शेवटी ओळ लिहिली: पासवर्डनं लॉगिन बंद. फाइलचं व्याकरण तपासलं, सेवा रीलोड केली, हिरवी टीक. मी शेजारच्या खिडकीतून पासवर्ड टाकला आणि आरामात आत गेलो.

असं का, तर उबंटूच्या (सर्व्हरवरच्या लिनक्सच्या) एसएसएचच्या मुख्य फाइलमध्ये वरच्या बाजूलाच एक इन्क्लूडची ओळ असते, ती बाजूच्या फोल्डरमधल्या छोट्या फाइली आधी ओढून घेते. क्लाउडवर घेतलेल्या मशीनमध्ये तिथं पुष्कळदा पन्नास नंबरची क्लाउड-इनिटची, म्हणजे मशीन पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग करणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल बसलेली असते. माझ्याकडे तिच्यात लिहिलेलं: पासवर्डनं लॉगिन चालू. आणि एसएसएचचा नियम असा की एखादी सेटिंग जिथं पहिल्यांदा सापडेल तीच खरी. नंतर खाली तुम्ही कितीही बंद लिहा. म्हणजे स्किलनं लिहिलं ते खरं, व्याकरण बरोबर तेही खरं, आणि दार मात्र सताड उघडं. एसएसएच चालवणाऱ्या एसएसएचडी या प्रोग्रॅमला लहान टी (-t) दिला की तो फक्त फाइल वाचता येते का ते सांगतो. मोठा टी दिला तर शेवटी कोणती सेटिंग लागू झाली ते छापतो. स्किलमध्ये लहान टी होता. एका अक्षराचा फरक.

मग तिसऱ्या सर्व्हरवर स्किल न देता एजंटला तेच काम सांगितलं. ही तुलना लोक करतच नाहीत. स्किल लावलं, काम झालं, म्हणजे स्किलनं झालं असं धरून चालतात. बिनस्किलच्या एजंटनं पोर्ट आधी उघडला, फायरवॉल नंतर लावली. पन्नास नंबरच्या फाइलीशी मात्र तोही अडखळला. म्हणजे एका ठिकाणी स्किलनं शहाण्या माणसाला वेडं केलं, दुसऱ्या ठिकाणी दोघं सारखेच. चांगलं म्हणावं असं एकच सापडलं: डॉकरनं (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूच्या, म्हणजे उबंटूच्या फायरवॉलच्या, नियमांना वळसा घालून जातात, हे स्किलला ठाऊक होतं आणि त्यानं डेटाबेसचा पोर्ट बरोबर धरला. बिनस्किलवाल्यानं तो तसाच सोडला होता. तो भाग ज्यानं लिहिला त्यानं कधीतरी हात भाजून घेतले असणार.

फेलटूबॅनचं, म्हणजे वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्याला अडवणाऱ्या प्रोग्रॅमचं, प्रकरण मला जास्त लागलं. पाच वेळा लॉगिन चुकलं की तो आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) चोवीस तास बंद, असा नियम स्किलनं वेब लॉगिनलाही लावला. फेलटूबॅनमध्ये मुळात दहा मिनिटं असतात. कागदावर चोवीस तास जास्त सुरक्षित दिसतात. पण इथं सगळे मोबाइलच्या नेटवर, आणि मोबाइल कंपन्या एकाच आयपीमागे ढिगानं ग्राहक बसवतात. एका काकांनी चष्मा नसताना पाच वेळा पासवर्ड चुकवला तर त्यांच्यासोबत गाव बंद. तेही कापसाच्या हंगामात, जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागलेली असताना. स्किलनं एकदा तरी विचारायला हवं होतं की इथं येणारे लोक कोण आहेत. विचारलं नाही.

हो, आणि मराठीत सांगून पाहिलं. "सर्व्हरले नीट कुलूप लाव" म्हटलं तर स्किल जागंच झालं नाही. "सर्व्हरची सिक्युरिटी सेट कर" म्हटलं की झालं. याचा दोष मी फार देत नाही. बोली आमची वऱ्हाडी.

संध्याकाळी मॅनेजरभाऊंचा फोन. "मंग? लावलं का?"

"नाही भाऊ. क्रम उलटा हाय, तपासणी वरवरची हाय. चार जागी दुरुस्त करा लागते."

बाबा खाटेवर पडून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "फरदड निंघाली का?"

फरदड म्हणजे हंगामानंतर ठेवलेल्या झाडांचा हलका कापूस. म्हटलं, फरदड नाही बाबा. ओला आहे.

"मंग वाळव न."

तेच चाललंय. एसएसएचची सेटिंग आता शून्यानं सुरू होणाऱ्या वेगळ्या फाइलीत टाकली, म्हणजे पन्नासच्या आधी वाचली जाते. तपासणीला मोठा टी. फायरवॉल लावायच्या आधी पाच मिनिटांनी ती आपोआप उतरेल असा टायमर, आणि दुसऱ्या खिडकीतून शिरून पाहिल्यावरच तो रद्द. वेब लॉगिनची बंदी आयपीवर नाही, खात्यावर. राउटर अजून इन्व्हर्टरवर घेतलेला नाही. ही चाचणी होईस्तोवर राहू देतो तसाच.