खोक्यातल्या ७१ वायरी

गेल्या महिन्यात मल्टिमीटरची, म्हणजे वीज मोजायच्या यंत्राची, लाल प्रोब (टोकदार दांडीची वायर) हवी होती, म्हणून कामाच्या टेबलाखालचं खोकं पुढे ओढलं. प्रोबचं टोक वर दिसत होतं. ते धरून उचललं, तर खोक्यातला सगळा ऐवज एकाच गोळ्यात वर आला. ज्या रेडिओसाठी प्रोब हवी होती त्याचं काम दहा मिनिटांचं होतं; प्रोब सोडवायला चाळीस लागली. मग रेडिओ राहिला बाजूला आणि मी जमिनीवर बसकण मारली.

'मी नीट ठेवतो, वायरी आपोआप गुंततात' हे माझं घरातलं जुनं म्हणणं. मुलगी हसते. पण पुरावा माझ्या बाजूने आहे. २००७ साली डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी दोरीचा तुकडा एका डब्यात टाकून तो डबा मोटरने फिरवून पाहिला, एकदोनदा नव्हे, ३,४१५ वेळा. काही सेकंदांतच गाठी पडत, आणि त्याही तब्बल १२० वेगवेगळ्या प्रकारच्या. दोरी अर्ध्या मीटरहून आखूड असली तर मात्र गाठ जवळपास पडतच नसे. लांब दोरीचं मोकळं टोक शेजारच्या वेटोळ्यांच्या खालून-वरून शिरत जातं, वेणी घातल्यासारखं. या कामाला पुढच्या वर्षी इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. मुलीला हे सांगितलं तर म्हणाली, "बाबा, तुमचं खोकं कोण फिरवत होतं?"

ते असो. मोकळं टोक बांधलं की निम्मं काम होतं, एवढं मी त्यातून घेतलं.

मोजल्या तर ७१ वायरी निघाल्या. कंप्युटरला लागणाऱ्या तीन पिनांच्या जाड पॉवर केबलच ९, आणि घरात कंप्युटर एक. तीन ठेवल्या. पॉवर केबल आणि ऑडिओच्या वायरी मल्टिमीटरच्या बीपवर तपासल्या; तार आतून अखंड असली की तो वाजतो. बीप चालू असताना वायर दोन्ही टोकांशी वाकवून पाहायची, कारण तुटते ती बहुतेक वेळा पिनेच्या मानेशीच. यूएसबीच्या पिना प्रोबला फार बारीक, त्या सरळ फोन आणि कंप्युटरला जोडून पाहिल्या. चार केबल फोन चार्ज करत होत्या, पण फोटो काही पलीकडे जाईनात. त्यांच्या आत डेटाच्या तारा नसतातच. बाहेरून दिसायला अगदी सख्ख्या बहिणी. त्यांच्या मानेला लाल टेप गुंडाळली. मेलेल्या ११ निघाल्या, त्या ई-कचऱ्यात.

आता गुंडाळणं. अंगठा आणि कोपर यांच्यामध्ये वायर गुंडाळायची सवय मला लहानपणापासून. हीच सवय वाईट. प्रत्येक फेऱ्याला वायरीत एक पीळ भरतो, आणि सोडताना ती सापासारखी वळवळते. स्टेजवर माइकच्या केबल गुंडाळणारे लोक एक वेटोळं सरळ घालतात आणि पुढचं मनगट आत वळवून उलटं. एकाचा पीळ दुसऱ्याने फिटतो. टोक धरून फेकलं की वायर सरळ जाऊन पडते. हात बसायला मला दोन संध्याकाळी लागल्या. एक धोका आहे: टोक चुकून वेटोळ्यांच्या मधून गेलं आणि तसंच ओढलं, तर ओळीने गाठी पडतात. म्हणून वेटोळं झालं की लगेच बांधायचं.

कशाने? रबरबँड वर्षा-दोन वर्षांत चिकट होऊन वायरीला लागतात. झिप टाय, म्हणजे एकदा ओढली की न सुटणारी प्लास्टिकची पट्टी, आवळला की वायर दबते, आणि दर वेळी कापावा लागतो. वेल्क्रोला तोड नाही. जॉर्ज द मेस्त्राल नावाच्या स्विस अभियंत्याला ती कल्पना कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून सुचली होती. माझ्या टेबलावर ती पट्टीच्या रूपात पोचली. पट्टीच्या एका टोकाला चीर पाडून ती वायरीलाच ओवून टाकायची, म्हणजे वायर वापरात असली तरी पट्टी हरवत नाही.

आधी मी हे सगळं पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यांत भरायचो. एका जुन्या डब्याच्या तळाला वायरीचा ठसा उमटला होता, वितळल्यासारखा. वायरीवरचं पीव्हीसी प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य झिरपतं आणि पॉलिस्टायरीनसारख्या कडक प्लास्टिकला खातं. आता प्लायवूडच्या फळीवर लाकडी खुंट्या ठोकल्यात. खिळे नकोत, त्यांच्यावर वायर एकाच जागी मोडते. एक्स्टेंशनची दहा मीटरची वायरही तिथेच टांगलेली असते. ड्रिल किंवा हीटर लावायचा तर ती पूर्ण उलगडायची. गुंडाळलेलीच ठेवली तर आतली उष्णता बाहेर पडायला जागा नसते.

खरी डोकेफोड चिठ्ठ्यांची झाली. पहिल्या दिवशी मी हौसेने पिनेचं नाव आणि लांबी लिहिली. दुसऱ्याच दिवशी मुलीने विचारलं, "प्रिंटरची वायर कुठाय?" माझ्या फळीवर प्रिंटरची वायर नव्हतीच, 'यूएसबी-बी, १.८ मी.' होती. सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या आणि यंत्रांची नावं लिहिली. अडॅप्टरच्या बाबतीत तर हे फारच गरजेचं: ९ व्होल्टचा आणि १२ व्होल्टचा, दोघांचीही पिन बाहेरून ५.५ मिलिमीटर. काहींत धन टोक आत, काहींत बाहेर. चुकीचा लावून मी एक छोटा ॲम्प्लिफायर जाळलाय, त्याचा वास अजून आठवतो. आता नवीन वस्तू आली की खोकं फेकायच्या आधी अडॅप्टरवर तिचं नाव पडतं, तेही माझ्या नव्हे, मुलीच्या अक्षरात. माझं तिला वाचता येत नाही.

शेवटच्या खुंटीवर एक करडी वायर आहे. चौकोनी तोंड, सहा पिना, शाबूत. चिठ्ठीवर मुलीने लिहिलंय: 'कुणाची?' घरात एखादं यंत्र बंद पडलं की मी आधी त्याच्या मागे वाकून पाहतो.